घोड्याच्या नाकावरची तरफ

घोड्याच्या तोंडात लोखंडी कडी नसली की लगाम सौम्यच, असे तुम्हाला वाटेल. पण थांबा! साध्या मोरखीत लगाम नाकपट्ट्यालाच बांधतात. ओढ जेवढी, तेवढाच भार नाकावर येतो. ‘यांत्रिक हॅकमोर’मध्ये मात्र दोन्ही गालांशी धातूच्या दांड्या असतात. ही झाली तरफ! लगामाकडील भुजा १५ सेंमी व हनुवटीच्या साखळीकडील ५ सेंमी धरा. २ किलोग्रॅम-भाराची ओढ साखळीत ६ होते. शिवाय, तेवढ्याच बलाला पट्टा निम्मा अरुंद केला की दाब दुप्पट!

घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. म्हणून पट्टा नाकपुड्यांजवळच्या मऊ भागावर नको, वर हाडावर हवा. कडी काढली, तरी तरफेचा नियम राहतोच.