गाळा घ्यायचा, पण पारखून!

रेल्वेतून निवृत्त झाले की भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम हाती येते. मग घरात खल सुरू होतो. मुलगा म्हणतो, "बाबा, हमरस्त्यावर नवं कॉम्प्लेक्स होतंय. एक गाळा घेऊन टाकू, दरमहा भाडं येत राहील." आईला मात्र धास्ती. धाकटीचे लग्न अजून व्हायचे आहे!

छत्तीसगडमधील भिलाईला लागून असलेल्या चरोद्यात हा प्रसंग कुणाच्याही घरी येऊ शकतो. चरोदा हे रेल्वेचे गाव. मुंबई-हावडा मार्गावरच्या भिलाई मार्शलिंग यार्डाभोवती ते वाढले. इथल्या दुकानदाराचे गिऱ्हाईक बरेचसे पगारदार. एकाच मोठ्या नोकरीवर जगणाऱ्या बाजाराचा धोका असा, की भरती आटली, क्वार्टर रिकामी पडली, की दुकानेही ओस पडतात. शेजारच्या भिलाई पोलाद कारखान्यातले कायम कामगार आज ऐंशीच्या दशकाच्या मानाने कितीतरी कमी आहेत, हे विसरू नये.

आता हिशेब मांडून पाहा. समजा, गाळा 20 लाखांचा आणि भाडे दरमहा 10 हजार. वर्षाला 1 लाख 20 हजार, म्हणजे 6 टक्के. भाडेकरू गेला आणि गाळा तीन महिने बंद राहिला, तर उरले 90 हजार. मालमत्ता कर, देखभाल, रंगरंगोटीला 15 हजार धरले, तर हाती 75 हजार. पावणेचार टक्के! ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर 2024 मध्ये 8.2 टक्के होता. गाळ्याची किंमत वाढेल हे खरे, पण विकायला काढल्यावर गिऱ्हाईक लगेच मिळेलच असे नाही.

दुसरा धोका सामाईक देखभालीचा. मुंबईत भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये अनेक लहान मालकांनी गाळे घेतले होते. तो मॉल ओस पडत गेला आणि मार्च 2021 मध्ये तिथे लागलेल्या आगीत वरच्या मजल्यावरच्या रुग्णालयातले रुग्ण दगावले. म्हणून जिने, पाणी, आगीची व्यवस्था कोण पाहणार, हे आधीच विचारा.

कागदपत्रांत तर मुळीच भीड नको. बी-1 आणि पी-2 उतारे, शेतजमीन असल्यास डायव्हर्शनचा आदेश, मंजूर नकाशा हे सारे वकिलाला दाखवा. जमीन रेल्वेची किंवा नझूल नाही ना, याचीही खात्री करा. 2016 चा रेरा कायदा दुकानांनाही लागू आहे. जमीन 500 चौरस मीटरहून अधिक आणि गाळे आठांहून अधिक असतील, तर प्रकल्पाची नोंदणी हवी. शिवाय करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "आज पैसे भरले तर सूट" म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगावे.

आणि रविवारच्या गर्दीत जागा पाहू नका. महिनाअखेरीस, मंगळवारी दुपारी चारला जा. शेजारच्या पानवाल्याला विचारा, बाजूच्या गाळ्यात दोन वर्षांत किती भाडेकरू आले अन् गेले.