मारलेल्या जनावरावर पहिला हक्क वाघाचा

नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्याची वाघीण चांदोलीत आणली, तेव्हापासून कोयना-वारणा खोऱ्यात एकच चर्चा आहे: वाघ इथं टिकतील का? मला त्याहून महत्त्वाचा प्रश्न वाटतो तो हा, की वाघानं मारलेलं जनावर आपण त्याला सुखानं खाऊ देणार का?

मोठं जनावर मारलं म्हणजे काम संपलं असं नसतं. गव्याचा वाढलेला नर नऊशे-हजार किलोंपर्यंत भरतो. जाड कातडीखाली ऊब कोंडून राहते आणि कोटीपोटातला चारा जनावर मेल्यावरही आंबत राहतो. काही तासांत पोट नगाऱ्यासारखं फुगतं, मांस नासायला लागतं. म्हणून जगभरचे शिकारी जनावर पडलं की आधी पोट उघडतात आणि कोटीपोटाला, मूत्राशयाला सुरी लागू न देता आतडी बाहेर काढतात.

वाघ हेच काम दातांनी करतो. नरडं धरून मारलेली शिकार तो आडोशाला ओढत नेतो. खायला सुरुवात बहुधा पुठ्ठ्याकडून, मागच्या मांडीपासून करतो. कोटीपोट आणि आतडी ओढून बाजूला टाकतो. खाटकाकडं आपण जिला वजडी म्हणतो, तोच हा भाग. बिबट्या बहुतेक वेळा पोटाकडून किंवा छातीकडून सुरुवात करतो. कोळसुंद्यांना तेवढा धीर नसतो. कळप मिळेल तिथून लचके तोडतो आणि भेकर बघता बघता संपवतो. जाणता वनरक्षक गळ्यावरच्या सुळ्यांच्या खुणा, ओढत नेल्याची फरफट आणि बाजूला पडलेलं कोटीपोट पाहून शिकार कुणाची, याचा अंदाज बांधतो.

वाघ एका रात्रीत 25-30 किलो मांस खाऊ शकतो आणि मोठ्या शिकारीवर तीन-चार दिवस परत परत येतो. जपायचे असतात ते हेच दिवस. म्हैस गेल्याच्या संतापात कुणी मढ्यावर विष टाकलं, तर वाघ गेलाच. गव्या-सांबराचं मांस कुणी तोडून नेऊन वाटे घातले, तर उपाशी वाघ पुन्हा शिकारीला निघणार, आणि ती शिकार आपल्या गोठ्यातली असू शकते. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 39 नुसार मेलेलं रानजनावर आणि त्याचं मांस सरकारी मालमत्ता ठरतं. ‘रानात पडलंच होतं’ ही सबब तिथं चालत नाही.

पण शेतकऱ्याला नुसता उपदेश करून भागणार नाही. जनावर गेलं तर मढं हलवू नका, वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा, पंचनामा करून घ्या, हे सांगायचं तर पंचनाम्याला माणूस त्याच दिवशी आला पाहिजे आणि भरपाईसाठी हेलपाटे पडता कामा नयेत. पाटण, शिराळ्याच्या शेतकऱ्यानं आपल्या म्हशीचं मढं वाघासाठी सोडावं असं वाटत असेल, तर तिची किंमत सरकारनं वेळेवर मोजली पाहिजे. वाघ आणण्यावर जेवढं लक्ष दिलं, तेवढंच या हिशेबावरही द्यायला हवं.