समुदाय साम्य गुणांक
दोन ठिकाणच्या जीवसमुदायांच्या घटनेत कितपत सारखेपणा आहे, हे दर्शविणाऱ्या अंकास समुदाय साम्य गुणांक म्हणतात. एकही जात समाईक नसल्यास त्याचे मूल्य ० व सर्व जाती समाईक असल्यास १ येते.

स्विस वनस्पतिवैज्ञानिक पॉल झाकार (१८६८–१९४४) यांनी आल्प्समधील द्रांस नद्यांच्या खोऱ्यातील व आसपासच्या पादपजातीचा अभ्यास करून १९०१ मध्ये असा गुणांक मांडला. समाईक जातींच्या संख्येस दोन्ही ठिकाणी मिळून आढळणाऱ्या निरनिराळ्या जातींच्या संख्येने भागले म्हणजे तो मिळतो. दोन्हीकडे नसलेल्या जाती यात धरीत नाहीत आणि ते योग्यच आहे. आल्प्सच्या दोन कुरणांत माड नाही, एवढ्यावरून ती कुरणे सारखी ठरत नाहीत. डॅनिश वनस्पतिवैज्ञानिक टी. सरन्सन यांच्या सूत्रात (१९४८) समाईक जातींच्या दुपटीस दोन्ही याद्यांतील जातिसंख्यांच्या बेरजेने भागतात. जे. आर. ब्रे व जे. टी. कर्टिस यांनी विस्कॉन्सिनमधील वनांच्या अभ्यासात (१९५७) प्रत्येक जातीचे प्रमाणही विचारात घेतले. त्यामुळे विपुल जात व एखाददुसरे झाड असलेली जात यांना सारखे वजन मिळत नाही.

मात्र एकाच अंकामागे दोन भिन्न परिस्थिती असू शकतात. समजा, दोन वनांत प्रत्येकी २० जाती असून त्यांपैकी १० समाईक आहेत. झाकार गुणांक १०/३० म्हणजे सु. ०·३३ येतो. दुसऱ्या जोडीत एका वनात ३० व दुसऱ्यात १० जाती असून त्या दहाही पहिल्यात आहेत, गुणांक तोच. पहिल्या जोडीत जातींची अदलाबदल झालेली आहे, तर दुसरीत लहान समुदाय मोठ्याचा केवळ अंश आहे. संरक्षणाच्या दृष्टीने हा भेद निर्णायक ठरतो : पहिल्या जोडीतील कोणतेही एक वन तोडल्यास १० जाती त्या परिसरातून नाहीशा होतील, दुसरीत मोठे वन राखल्यास यादीतील एकही जात गमावली जाणार नाही. हे दोन घटक वेगळे काढण्याची रीत स्पॅनिश परिस्थितिवैज्ञानिक आंद्रेस बासेल्गा यांनी २०१० मध्ये दिली.

पाहणी अपुरी असल्यास दुर्मिळ जाती निसटतात आणि प्रत्यक्षात समाईक असलेली जात एकाच यादीत राहते. साहजिकच गुणांक बहुधा खऱ्यापेक्षा कमी येतो. न दिसलेल्या समाईक जातींचा अंदाज घेणारी सूत्रे ॲन चाओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सुचविली. ती वापरली तरी दोन्ही ठिकाणी सारख्याच आकाराचे नमुनाक्षेत्र व तोच ऋतू घेणे इष्ट असते.