अवजारांच्या पाचरी मृगापूर्वी तपासा

यवतमाळ जिल्ह्यातील वैशाखाच्या उन्हात वखर-डवऱ्यांचे लाकूड आटते. लाकूड लांबीत फारसे आटत नाही, जाडीत आटते. म्हणून खोडातील भोक लांबीकडे तसेच राहते, दांडी मात्र बारीक होते व सांध्यात फट पडते. असा सैल डवरा डगमगून कपाशीची झाडे कापतो.

ही फट पाचरीने भरावी. पाचर वाळलेल्या बाभळीची व हळूहळू निमुळती असावी. ओली पाचर वाळून पुन्हा सैल होते. तिचा दाब खोडाच्या लांबीकडे पडावा. आडवा पडल्यास खोड फाटते. अवजार भिजवून फुगविणे हा तात्पुरता उपाय होय.

वापसा थोडेच दिवस टिकतो. तेव्हा शेतकरी बंधूंनी हे काम आधीच उरकावे.