पॅन्ट्रीतली कॉफी सुधारूया की!

जगातला पहिला वेबकॅम कशासाठी लावला होता, माहितेय? सिक्युरिटीसाठी नाही, व्हिडिओ कॉलसाठी तर नाहीच. चक्क कॉफीसाठी! १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बऱ्याच जणांत मिळून कॉफीचं एकच भांडं होतं. लांबून पायपीट करत यावं, तर भांडं रिकामं. वैतागून मंडळींनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि आपापल्या स्क्रीनवरून ते भरलंय का, हे बघायला लागली. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आलं आणि २००१ पर्यंत जगभरातले लोक त्या भांड्याकडे बघत होते. ऑफिसची कॉफी हा असा सिरियस विषय आहे, बरं का!

यंदा तुमच्यापैकी बरेच जण इंटर्नशिपला जाल. तिथे गाठ पडेल पॅन्ट्रीतल्या मशीनशी. बटण दाबलं की फेसाळ, गोडमिट्ट पाणी. पहिल्याच आठवड्यात जीभ कंटाळते आणि पाय कॅफेकडे वळतात. तिथे दोनशे रुपयांची कॉफी रोज घेतली, तर स्टायपेंडचं काय होणार, ते सांगायला नकोच.

आधी मशीनचं गणित समजून घ्या. बऱ्याच मशीनमध्ये प्रीमिक्स असतं. दूध पावडर, साखर, कॉफी सगळं आधीच एकत्र. त्यामुळे ‘साखर कमी’ म्हणायची सोयच नाही. मशीनला नुसत्या गरम पाण्याचं बटण असेल, तर निम्मं काम झालं. एक चांगली इन्स्टंट कॉफीची बाटली कॉन्ट्री काढून आणा. फक्त घेताना लेबल वाचा. कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी आणि चिकोरी किती, ते पाकिटावर लिहायला हवं, असा आपल्याकडे नियम आहे. चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं एक मूळ. त्यात कॅफिन नसतं, पण रंग आणि दाटपणा येतो. ती वाईट अजिबात नाही, कित्येकांना फिल्टर कॉफीत तीच आवडते. पण आपण पैसे कशाचे देतोय, हे कळायला नको?

त्याहून भारी उपाय म्हणजे स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर. वीज नको, कागदी फिल्टर नको, फेकायला कॅप्सूलही नाही. वरच्या भांड्यात तीन-चार चमचे पावडर घाला, हलकेच दाबा. उकळून अर्धा मिनिट थांबलेलं पाणी ओता आणि झाकण लावून तुमचे मेल बघा. वीसेक मिनिटांत खाली डिकॉक्शन तयार. त्यात गरम दूध घाला. डिकॉक्शन मात्र पुन्हा उकळू नका, कडवट होतं. केलेली कॉफी तासन् तास गरम प्लेटवर ठेवली तरी तेच होतं, म्हणून ती थर्मासमध्ये ओतून ठेवा. पावडर छोट्या पाकिटात आणा, हवाबंद डब्यात ठेवा आणि त्यात ओला चमचा घालणाऱ्याला दंड लावा!

आता कपाकडे वळू. दिवसाला तीन, महिन्याचे २२ दिवस, सहा महिन्यांची इंटर्नशिप. एकट्या तुमचे ३९६ कप! आणि तो ‘पेपर’ कप नुसत्या कागदाचा नसतो. आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर कॉफी गळत नाही आणि म्हणूनच त्याचं रिसायकलिंग अवघड होतं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना असं दिसलं, की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. २०२२ मध्ये आपल्या राज्य सरकारने प्लास्टिकचा थर असलेल्या डिस्पोजेबल कप-प्लेटवर बंदीही आणली.

तेव्हा मग न्या. स्टीलचा, चिनी मातीचा, कसलाही. पण एक गोष्ट विसरू नका. ‘आम्ही पर्यावरणवाले’ म्हणत दहा मग सिंकमध्ये टाकून निघून गेलात, तर तुमच्या चांगुलपणाचं ओझं पॅन्ट्रीतल्या मावशींवर पडतं. कागदी कप गेल्याने त्यांचं काम वाढता कामा नये. आपला मग आपणच विसळायचा, फिल्टरही आळीपाळीने धुवायचा. उरलेला चोथा सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. ओल्या कचऱ्यात किंवा कंपोस्टमध्ये टाका.

‘पण इंटर्नचं कोण ऐकणार?’ असं वाटेल. भाषण दिलंत तर कुणीच नाही. आकडे दाखवलेत तर ऐकतात. महिन्याला कपांवर किती खर्च होतो, हे ॲडमिनला विचारा. त्याच्याशेजारी एका फिल्टरची किंमत लिहा. आणि हो, तो कागद हातात द्यायच्या आधी ॲडमिनच्या सरांना एक कप कडक फिल्टर कॉफी पाजा. स्टीलच्या पेल्यात!