कोरकूंचे मुंडा

मेळघाटातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकास काही गावांबाहेर, एखाद्या जुन्या झाडाखाली, सागवानाच्या कोरीव फळ्या जमिनीत रोवलेल्या दिसतात. कित्येक कलंडलेल्या, पावसाने काळवंडलेल्या असतात. नवख्यास त्या देवमूर्ती वाटतात. कोणी शोभेची वस्तू म्हणून उचलावयासही धजतो. वस्तुतः ते कोरकू लोकांचे ‘मुंडा’, म्हणजे मृतांचे स्मृतिफलक होत.

मृत्यूनंतर काही महिन्यांनी, ऐपत नसल्यास काही वर्षांनीसुद्धा, कोरकू कुटुंबे ‘सिडोली’ नावाचा विधी करतात. तो झाल्यावाचून मृताचा आत्मा पूर्वजांत मिळत नाही, अशी श्रद्धा आहे. खर्च मोठा, म्हणून अनेकदा एकाच कुळातील अनेकांची सिडोली एकत्र उरकली जाते. त्या प्रसंगी मुंडा रोवतात. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात याचे वर्णन आले आहे.

फळीवर सूर्य व चंद्र कोरलेले असतात आणि त्यांच्याबरोबर घोड्यावर बसलेला माणूस. ज्याच्या दारी जन्मात घोडा बांधला गेला नाही, असा शेतकरीही येथे स्वार होतो; हा त्यास दिलेला मान समजावा. देशावरील शिक्षकांस हे अपरिचित वाटू नये. आपल्या गावच्या वीरगळावरही माथ्याशी चंद्रसूर्य असतातच. फरक इतकाच की, वीरगळ दगडाचा व बहुधा रणात पडलेल्या वीराचा. मुंडा लाकडाचा व साध्या गृहस्थाचाही. सागाच्या गाभ्यास वाळवी सहसा लागत नाही, तरी ऊनपावसापुढे तोही अखेर झिजतोच.

येथे एक चूक सद्‌हेतूनेच घडण्याचा संभव आहे. स्थानिक कला वर्गात आणावी म्हणून हस्तव्यवसायाच्या तासाला ‘मुंडा करून आणा’ असे सांगितले जाते. ज्या मुलाच्या घरी आजोबांची सिडोली अद्याप व्हावयाची आहे, त्याने तो पुठ्ठ्याचा कसा करावा? तो गप्प बसतो, आणि शिक्षक त्यास आळशी ठरवितो. पक्षी, झाडे, बैल यांचे कोरीवकाम अवश्य करवून घ्यावे. मुंडा मात्र घडवून घेऊ नये, मूळ जागेवरून हलवून शाळेच्या संग्रहात तर मुळीच आणू नये.

पाहावयास जाण्यास हरकत नाही. प्रथम गावातील वडीलधाऱ्यांस विचारावे, ते बरोबर आल्यास उत्तम. मुलांनी दुरून चित्र काढावे, आणि सूर्य, चंद्र, घोडा यांची कोरकू नावे त्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून चित्राखाली देवनागरीत लिहावीत. कोरकू ही मुंडा भाषाकुलातील, मराठीहून सर्वस्वी निराळी भाषा असल्याने या लेखनात शिक्षकाच्या चुका होतील. त्या मुलांस दुरुस्त करू द्याव्यात.