क्षेपणास्त्राची ढाल कशासाठी?

भोसरी-चाकणच्या कामगारांकडून आम्हांस अलीकडे एक प्रश्न हमखास येतो : शत्रूचे क्षेपणास्त्र आलेच, तर सरकारची ती ढाल आपल्या वस्तीवर असेल काय? प्रश्न रास्त आहे. दिघीला व पाषाणला संरक्षण-संशोधनाच्या प्रयोगशाळा, खडकीला आणि देहूरोडला दारूगोळ्याचे कारखाने. शत्रूच्या नकाशातून आपला पट्टा सुटणारा नव्हे.

बॅलिस्टिक क्षेपणास्त्र हे गोफणीतून सुटलेल्या धोंड्यासारखे असते. इंधन जळते ते आरंभीची थोडी मिनिटे. पुढे ते आपल्याच वेगाने चढते आणि कोसळते. शेजारच्या देशातून येण्यास त्याला मोजकी मिनिटे पुरतात. तेवढ्यात रडारने ते हेरायचे, गणकयंत्राने त्याची वाट काढायची, आणि त्या वाटेवर आपले क्षेपणास्त्र धाडायचे. २७ नोव्हेंबर २००६ रोजी भारताने सुमारे ५० किलोमीटर उंचीवर असा वेध प्रथम घेतला. ६ डिसेंबर २००७ रोजी सुमारे १५ किलोमीटरवर. वरचा नेम हुकला तर खालचा, अशी ही योजना.

परंतु साऱ्या देशावर छप्पर घालणे हा तिचा हेतूच नव्हे. २००३ साली भारताने जाहीर केले की, अण्वस्त्र आपण प्रथम वापरणार नाही. म्हणजे पहिला घाव आपल्यावर पडू शकतो. त्या घावात राजधानी आणि हुकूम देणारी माणसेच गेली, तर उत्तर कोण देणार? ती वाचतील, उत्तर येईलच, ही धास्ती शत्रूच्या मनात राहावी, हा ढालीचा खरा उपयोग. दुसरा उपयोग चुकून सुटलेल्या एखाद्या अस्त्राचा. ९ मार्च २०२२ रोजी आपलेच एक क्षेपणास्त्र चुकून पाकिस्तानात पडले होते. ते बॅलिस्टिक जातीचे नव्हते, एवढेच.

ढालीला दुसरी बाजूही आहे. पॉवर प्रेसला गार्ड बसवले आणि लगेच उत्पादनाचा कोटा वाढवला, असा कारखाना आम्ही पाहिला आहे. राष्ट्रांचेही तेच. एकाची ढाल जाड झाली की दुसरा बाण वाढवतो, हे ओळखूनच अमेरिका व सोव्हिएत संघ यांनी १९७२ साली करार करून आपापल्या ढाली तोकड्या ठेवल्या. २००२ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली.

तेव्हा भोसरीच्या कामगाराने या ढालीच्या भरवशावर राहू नये. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. भोंगा वाजल्यावर तिसऱ्या पाळीतल्या कंत्राटी कामगाराने शेडमधून निघून नेमके कोठे जायचे, हे आम्ही व्यवस्थापनांस विचारीत आहोत.